घरून लेखनाची कामं घेताना: ग्राहकाच्या पहिल्या फोनपासून छपाईच्या होकारापर्यंत

घरी बसून मराठी लेखनाची कामं घेणाऱ्यांचे खर्डे मी गेली काही वर्षं तपासतो आहे. पत्रकं, वेबसाइटचा मजकूर, माहितीपुस्तिका, दिवाळीच्या जाहिराती असं सगळं त्यात असतं. काम परत येतं तेव्हा लिहिणाऱ्याला वाटतं, आपली भाषा कमी पडली. बहुतेक वेळा भाषा बरी असते, पण क्रम चुकलेला असतो. फोन ठेवला की थेट टायपिंग सुरू होतं, लिहितानाच ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होतात आणि पहिला खर्डाच रात्री व्हॉट्सॲपवर जातो.

क्रम नीट दिसावा म्हणून एकच काम शेवटपर्यंत घेऊ. समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराला पेटीत घालायचं पत्रक हवं आहे. सुमारे ३५० शब्द, दोन्ही बाजूंनी छपाई.

टप्पा १ : कामाआधीची मांडणी

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरसंचात, टाइप करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारी साधनं पहिल्या दिवशी सोपी वाटतात. पण ती स्वतःच शब्द सुचवतात, आणि घाईत 'दिन'चा 'दीन' झालेला लक्षात येत नाही. रोज अर्धा तास दिलात तर इन्स्क्रिप्टवर महिन्याभरात हात बसतो.

दोन अक्षरं पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. एक 'ऱ', जे इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून 'र'च्या कळीवर मिळतं. दुसरं 'ॲ'. 'ॲ'च्या जागी 'अ‍ॅ', 'ऍ' आणि 'एॅ' असे तीन प्रकार एकाच मजकुरात आले, तर शोधा-बदला ही सोय निरुपयोगी होते.

एक वही करा. तारीख, काम, शब्द, लागलेले तास आणि ग्राहकाने काढलेल्या चुका तिच्यात लिहा. पुढच्या कामाचा दर आणि मुदत तिच्यातूनच ठरवायची आहे.

*तपासा :* न बघता एक परिच्छेद टाइप करता येतो का? नसेल तर मुदतीची कामं अजून घेऊ नका. बोटं अडखळली की वाक्यंही तुटक होतात.

टप्पा २ : चार आठवड्यांचा सराव

पहिली कामं हातात यायच्या आधीचा हा टप्पा सगळे गाळतात. रोज पाऊण तास पुरतो. तीन व्यायाम आलटून पालटून करा.

*ऐकून लिहिणं.* भाजीवाल्या मावशींना विचारा, भरताचं वांगं कसं निवडायचं? त्या जे सांगतील ते घरी येऊन शंभर शब्दांत लिहा. त्यांचा क्रम आणि त्यांची क्रियापदं तशीच ठेवा. त्या 'वजनाला हलकं बघा' असं म्हणाल्या असतील, तर 'कमी वजनाची वांगी निवडावीत' असं लिहू नका.

*निम्मं करणं.* स्वतःचाच तीनशे शब्दांचा मजकूर दीडशेत बसवा. माहिती एकही गळता कामा नये.

*सरकारी सूचनेची साधी मराठी.* सोसायटीच्या फलकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भरपूर माल मिळतो. उदाहरणार्थ : 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, देखभाल व दुरुस्तीच्या कामास्तव दि. १५ रोजी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, याची नोंद घ्यावी.' याचं करा : 'दुरुस्तीमुळे १५ तारखेला पाणी येणार नाही. आदल्या दिवशी भरून ठेवा.' दुसरं वाक्य मूळ सूचनेत नव्हतं, पण वाचणाऱ्याला करायचं ते एवढंच होतं. धंद्याच्या लेखनाचं निम्मं कौशल्य ते न लिहिलेलं वाक्य शोधण्यात आहे.

टप्पा ३ : काम घेताना विचारायचे प्रश्न

ग्राहक म्हणतो, 'छान लिहा, बाकी तुम्हाला कळतंच.' त्याच्या मनात काहीतरी असतं, पण ते त्यालाही शब्दांत मांडता येत नसतं. प्रश्न विचारून ते बाहेर काढणं हे आपलं काम आहे. आंब्याच्या पत्रकासाठी मी हे विचारेन :

१. पेटी कोण उघडणार? मुंबई-पुण्यातलं घर की दुकानदार?
२. पत्रक वाचून त्यांनी काय करावं? आंबा नीट पिकवावा, पुढची पेटी मागवावी की तक्रार कुठे करायची ते कळावं?
३. गेल्या हंगामात ग्राहकांचे कशाकशासाठी फोन आले?
४. तुम्ही जे दावे करता, त्यांचे कागद आहेत का?
५. मजकूर शेवटी कोण मंजूर करणार?
६. शब्द किती, तारीख कोणती, दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, पैसे कधी?

तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. 'पेटी उघडली तर आंबे हिरवेच आहेत, फसवलंत' असे फोन येत असतील, तर पत्रकाचं पहिलं वाक्य तिथेच मिळालं. पाचवा प्रश्न अवघड वाटतो, पण विचाराच. मजकूर मुलाने मंजूर करायचा आणि छपाईच्या दिवशी वडिलांनी बदलायला सांगायचा, हे घरच्या व्यवसायांत नेहमी घडतं.

उत्तरं मिळाली की त्यांचा एक संदेश करून पाठवा : 'आपल्या बोलण्यात हे ठरलं.' ग्राहकाचा होकार आल्यावरच पुढे जा.

*सावधान :* हक्कांचंही आत्ताच बोला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. 'सगळे हक्क आमचे' असं ग्राहक तोंडी म्हणाला, तर नम्रपणे लेखी मागा आणि दर त्याप्रमाणे सांगा.

टप्पा ४ : माहिती, तीन रकान्यांत

कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा : *ग्राहकाने सांगितलेलं*, *मी पडताळलेलं*, *अजून कळायचं*. पत्रकात जाणारं प्रत्येक विधान यांतल्या एका रकान्यात बसलं पाहिजे. तिसऱ्या रकान्यातलं काहीही छपाईला जात नाही.

बागायतदार म्हणतो, 'आमचा अस्सल जीआय हापूस आहे.' हे पहिल्या रकान्यात लिहा आणि शोध घ्या. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. कोकणच्या हापूसला ते २०१८ साली मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. देवगड सिंधुदुर्गात आहे, तेव्हा जागेचा प्रश्न मिटला. पण मानांकनाचं नाव वापरायला त्या उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती झाली आहे का, हे विचारायचं राहिलं, म्हणून ते तिसऱ्या रकान्यात. प्रमाणपत्राचा फोटो आला की दुसऱ्यात. नोंदणी नसेल, तर पत्रकात 'देवगडच्या आमच्या बागेतला हापूस' एवढंच लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

तो म्हणतो, 'आम्ही कार्बाइड वापरत नाही.' कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदीच आहे. म्हणजे ही फुशारकी मारण्याची गोष्ट नाही. 'मग कसं पिकवता?' असं विचारा. तो सांगेल की तयार फळ काढून पेंढ्यात आढी घालतो. पत्रकासाठी खरा माल हा आहे.

'केमिकल-फ्री', 'शंभर टक्के सेंद्रिय', 'मधुमेहींसाठीही उत्तम' असे शब्द ग्राहक सहज बोलतो. कागद नसेल तर लिहू नका. अडचण आली की तो म्हणेल, 'लिहिणाऱ्याने लिहिलं.'

फोनवरच्या माहितीवर थांबू नका. पेट्या भरणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला. आढी, पेंढा, डझनाचा हिशेब, डेखाजवळचा (देठाजवळचा) वास, साका हे शब्द तुम्हाला तिथे मिळतील. साका म्हणजे बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या हापूसच्या आत गर पांढरट आणि स्पंजासारखा होणं. ग्राहकाच्या तक्रारींत तो हमखास असतो. 'फळ कापल्याशिवाय साका कळत नाही, असं फळ निघालं तर फोटो पाठवा, आम्ही बदलून देऊ' हे एक वाक्य अख्ख्या स्तुतीच्या परिच्छेदापेक्षा जास्त पेट्या विकतं. अर्थात बागायतदार खरोखर बदलून देणार असेल तरच.

*सावधान :* दुसऱ्या विक्रेत्याच्या मजकुरातून वाक्यं उचलू नका. चोरी तर ती आहेच, शिवाय त्याच्या चुकाही सोबत येतात.

टप्पा ५ : सांगाडा

याला पंधरा मिनिटं लागतात. कागदाच्या वर एक वाक्य लिहा : 'हे पत्रक वाचून पेटी उघडणारी व्यक्ती आंबा बिघडू न देता पिकवेल आणि पुढच्या वर्षी आम्हालाच फोन करेल.' मग वाचणाऱ्याला ज्या क्रमाने प्रश्न पडतील, त्या क्रमाने मुद्दे लावा. पेटी आत्ता उघडू का? आंबा हिरवा का आहे? कुठे ठेवू? तयार झाला हे कसं ओळखू? खराब निघाला तर? तुम्ही कोण?

बागेचा इतिहास आणि आजोबांनी लावलेली कलमं शेवटी येतील. ग्राहकाला ती सुरुवातीला हवी असतात. त्याला सांगा, पेटी उघडणाऱ्याच्या हातात आधी आंबा असतो, आजोबा नंतर.

टप्पा ६ : पहिला खर्डा, तोंडाने बोलत

आता एका बैठकीत लिहा. वाक्य आधी मोठ्याने म्हणा, मग टाइप करा. पेटी घेऊन आलेल्या शेजारणीला तुम्ही कसं सांगाल? 'पेटी आल्या आल्या उघडा. आंबे काढून हवेशीर जागी एका थरात पसरा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका, नंतर तो नीट पिकत नाही.' हाच खर्डा. या टप्प्यात ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. शब्द अडला तर चौकोन काढून पुढे जा.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिणं. ग्राहक अनेकदा यंत्राने केलेलं भाषांतर 'फक्त जरा सुधारा' म्हणून पाठवतो. ते सुधारत बसू नका. त्यातली माहिती रकान्यांत उतरवा, मजकूर बाजूला ठेवा आणि नव्याने लिहा. रोज भेटणारे नमुने हे :

'आम्ही आमच्या मौल्यवान ग्राहकांना सर्वोत्तम गुणवत्तेचे आंबे प्रदान करण्यासाठी वचनबद्ध आहोत.' यात माहिती शून्य. त्याऐवजी : 'झाडावर तयार झालेलं फळच आम्ही काढतो आणि पेंढ्याच्या आढीत पिकवतो.'

'अनुभवी कामगारांद्वारे फळांची निवड केली जाते.' मराठीत कर्ता पुढे येऊन काम करतो : 'फळं आमची अनुभवी माणसं निवडतात.' 'द्वारे' आणि 'केले जाते' दिसले की थांबा, आणि हे कोण करतं ते विचारा.

'असा आंबा जो तुमच्या कुटुंबाला आवडेल.' म्हणजे : 'घरातल्या सगळ्यांना आवडेल असा आंबा.' मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, 'जो' लावून मागे लटकत नाही.

'हापूस हे केवळ फळ नाही, ती एक भावना आहे.' हे कशालाही चिकटवता येतं, पैठणीला, मिसळीला, पावसाला. जे वाक्य कुठल्याही मालाला बसतं, ते तुमच्या ग्राहकाच्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. काढून टाका.

हिंदीकडून येणाऱ्या चुका आणखी लपून असतात, कारण त्या आता कानाला खटकत नाहीत. 'माझी मदत करा' नव्हे, 'मला मदत करा'. 'मी त्यांना बोललो' नव्हे, 'मी त्यांना म्हणालो' किंवा 'त्यांच्याशी बोललो'.

*तपासा :* वाचणाऱ्याला 'तुम्ही' म्हणताय की 'आपण'? एक ठरवा. 'केले, सांगितले' लिहायचं की 'केलं, सांगितलं', तेही ठरवा. एकाच पत्रकात दोन्ही आले की मजकूर दोघांनी लिहिल्यासारखा वाटतो.

टप्पा ७ : एक रात्र, मग कात्री

खर्डा रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर छापून वाचा. पहिला परिच्छेद झाकून पाहा, त्याच्याशिवाय मजकूर चालतोय का? बहुतेकदा चालतो, कारण पहिला परिच्छेद आपण स्वतःचा घसा साफ करायला लिहिलेला असतो. विशेषणं मोजा. 'रसाळ, मधुर, अवीट' यांतलं एकच ठेवा, किंवा एकही नको. ३५० शब्दांचं काम असेल तर खर्डा ४५० पर्यंत गेला तरी चालतो, पण ग्राहकाकडे ३५० च जातात.

टप्पा ८ : प्रमाणलेखन, एका फेरीत एकच चूक

हा टप्पा सातव्याच्या आधी करणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं. आणि एकाच वाचनात सगळ्या चुका सापडत नाहीत, म्हणून फेऱ्या करा.

*पहिली फेरी, तुटलेले शब्द.* 'आंब्या साठी', 'घरा जवळ', 'पेटी मध्ये' चूक. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडूनच येतात : आंब्यासाठी, घराजवळ, पेटीमध्ये. ऑनलाइन मराठीत सध्या सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे, आणि ग्राहकाला ती लगेच दिसते.

*दुसरी फेरी, शब्दाचा शेवट.* शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू, परिस्थिती. समासात तोच तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द आधी आला की ऱ्हस्व : कविसंमेलन, गुरुकृपा. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे अपवाद लक्षात ठेवा.

*तिसरी फेरी, सामान्यरूपं.* गरीब-गरिबांना, वकील-वकिलांना, फूल-फुलांचा, मूल-मुलांसाठी. मराठी शब्दांत शेवटून दुसरं अक्षर असं ऱ्हस्व होतं. तत्सम शब्दांत होत नाही : शरीर-शरीराला, गीत-गीतात. गावांच्या नावांतला 'पूर' दीर्घ : नागपूर, सोलापूर. पण 'नागपुरात'.

*चौथी फेरी, जोडाक्षरं.* महत्त्व, तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन 'त'. नेतृत्व, मातृत्व यांत एकच. उज्ज्वल आणि तज्ज्ञ यांत 'ज' दोनदा. वैशिष्ट्य, सुरुवात, आशीर्वाद हे शब्द शोधून एकेकदा बघाच.

*पाचवी फेरी, 'ऱ'.* आचार्यांना जेवण वाढतात, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगतात. सहलींच्या एका पत्रकात मी 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहिलं होतं. अक्षरजुळणीत त्याचं 'दर्या' झालं, मी शेवटची प्रत पाहिली नाही आणि दोन हजार प्रती तशाच वाटल्या गेल्या. तेव्हापासून ही फेरी मी वेगळीच करतो.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२चे आहेत, नंतर १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. अठराही छापून भिंतीवर लावा. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस सोबतीला घ्या, पण 'दिन' आणि 'दीन' त्याच्या लेखी दोन्ही बरोबर असतात.

*तपासा :* आकडे, गावांची नावं, फोन नंबर आणि भाव हे मूळ संदेशाशी बोट ठेवून जुळवा. इथे डोळ्यांवर विसंबू नका.

टप्पा ९ : पाठवणं, दुरुस्त्या, छपाई

फाइलच्या नावात ग्राहक, काम, तारीख आणि कितवा खर्डा ते असू द्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं' असली नावं ठेवलीत, तर कधीतरी चुकीचीच फाइल छापली जाईल.

सोबत दोन-तीन ओळींत कळवा की काय मुद्दाम गाळलं आणि का : 'सेंद्रिय हा शब्द काढला आहे, प्रमाणपत्र मिळाल्यावर घालू.' ग्राहकाने दुरुस्त्या फोनवर सांगितल्या, तर त्या लिहून परत पाठवा आणि 'बरोबर ना?' विचारा. ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर पुढच्या फेरीचे पैसे सांगायला संकोच करू नका, ते तिसऱ्या टप्प्यातच ठरलं होतं. प्रत्येक दुरुस्ती वहीत जाऊ द्या. सहा महिन्यांनी त्या पानांवर तीच चूक चौथ्यांदा दिसेल, आणि तुमचा पुढचा सराव कशाचा करायचा ते कळेल.

काम छपाईला जाणार असेल, तर हा टप्पा इथे संपत नाही. अनेक छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी करतात. युनिकोडमधला मजकूर तिथे रूपांतरित होताना 'ऱ' मोडतो, जोडाक्षरांचे पाय सुटतात, 'ॲ'च्या जागी चौकोन येतात. म्हणून जुळणी झालेली पीडीएफ मागून घ्या आणि ती पहिल्यापासून वाचा. तुमचा मूळ मजकूर बरोबर होता याचा इथे काही उपयोग नाही. शेवटी त्या पीडीएफवर छापलेला फोन नंबर स्वतः लावून पाहा. पलीकडून बागायतदाराचाच आवाज आला, की छापखान्याला होकार कळवा.